डिक्कीतलं प्रस्थान

गंधाली पोचली. शिडाच्या होडीतून अख्खा अटलांटिक ओलांडून, हातपाय शाबूत, पलीकडच्या बेटावर उतरून तिने पहिल्यांदा काय केलं, तर भेंडीची भाजी खाल्ली. आता हे मी सांगितलंच नाही असं समजा. मीही तसंच समजतो. ती अजून पोचलेली नाही, कुणी कुणाला भेंडी वाढलेली नाही, आणि डिसेंबरातल्या एका सकाळी मी जालन्यातल्या मस्तगडच्या आमच्या घरात दात घासत उभा असताना शेजारच्या कांताबाई पिवळ्या ओढणीत बांधलेलं एक गठुडं घेऊन दारात येतात, चप्पल काढतात, एक पाय उंबऱ्याच्या आत टाकतात आणि म्हणतात, "नीलाबाई, हे घ्या तुमचं. आमच्याकडं पाहुणे येऊन राह्यले. फळीवर डबे मांडायचेत मला."

आईच्या हातात कणकेचा गोळा होता. तो तिने घट्ट आवळला आणि ती ओरडली, "आत आणू नका! थांबा तिथंच!"

कांताबाई थांबल्या. एक पाय आत, एक बाहेर, गठुडं छातीशी. "पाल हाय का?" त्यांनी ओठ न हलवता विचारलं.

"गठुडं कुठं हाय?"

"माझ्या हातात."

"ते दिसून राह्यलं. आत हाय का भाईर?"

कांताबाईंनी मान खाली घालून उंबऱ्याचा आणि स्वतःचा अंदाज घेतला. प्रामाणिक बाई. म्हणाल्या, "गाठ आत हाय. बाकी भाईर हाय."

मी तोंडात पेस्टचा फेस घेऊन पुढे झालो आणि त्यांच्या हातातलं गठुडं बाहेरच्या बाहेर काढून ओट्यावर ठेवलं. माझ्या हाताला तांदूळ लागले, ओढणीतून, गार. आणि मग मी तोंडातला फेस तसाच गिळला. कारण हे गठुडं कांताबाईंच्या फळीवर असायलाच नको होतं. ते गंधालीबरोबर असायला हवं होतं. आणि गंधाली आदल्याच दिवशी आफ्रिकेजवळच्या कॅनरी बेटांवरून होडीने निघालेली होती, पुढे नुसतं पाणी.

प्रस्थान म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांनी खुशाल माहीत नसू द्यावं, पण मग ही गोष्ट लागायची नाही. माणसाला निघायचं असतं शनिवारी आणि चांगली वेळ असते गुरुवारी. मग गुरुवारी त्याचं एखादं वापरातलं कापड, मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड असं बांधून जायच्या दिशेला असलेल्या शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायचं. म्हणजे माणूस निघाला. तो अजून घरात जेवतो, झोपतो, टीव्हीसमोर भांडतो, पण हिशेबाने तो निघालेला असतो. शनिवारी खरोखर निघताना शेजाऱ्याकडून गठुडं उचलायचं, आणि झालं. ही सोय ज्याने काढली तो माणूस मला फार आवडतो. त्याला दोन्ही पाहिजे होतं, जायचंही आणि राहायचंही. पश्चिमेला कांताबाई राहतात म्हणून आईने गंधालीची पिवळी ओढणी, बारावीतली, त्यांच्याकडे ठेवली. शनिवारी पहाटे विमानतळाची गाडी आली, गाडीवाला हॉर्न वाजवायला लागला, कांताबाई लेकीकडे गेल्या होत्या, आणि बाजरीच्या खारोड्यांचा डबा पिशवीत मावतो की नाही यावर एवढं रण पेटलं की तो डबा गेला आणि प्रस्थान राहिलं. म्हणजे आता परिस्थिती अशी की गंधाली निघाली होती, पण तिचं निघणं कांताबाईंच्या फळीवर, बेसनाच्या डब्याशेजारी, बसून होतं. आणि ते जर परत उंबऱ्याच्या आत आलं असतं, तर आईच्या म्हणण्याप्रमाणे जाणं मोडलं. भर समुद्रात जाणं मोडलं म्हणजे नेमकं काय होतं, हे आईने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

"मंग आता?" कांताबाई म्हणाल्या. त्यांचा पाय अजून आतच होता.

"मागं यायचं न्हाई त्यानं," आई म्हणाली. "पुढंच जायचं. आन थांबायचं पण न्हाई."

"पुढं म्हंजे कुठं, आई?"

"ती कुठं चालली?"

"पश्चिमेला."

"मंग."

या 'मंग'मध्ये सगळं आलं. मी तोंड धुतलं, गठुडं स्कूटरच्या डिक्कीत ठेवलं आणि डिक्कीला कुलूप लावलं. स्कूटरचं तोंड गल्लीत पूर्वेकडे होतं. ती मी उचलून, हो उचलूनच, पश्चिमेकडे केली.

खरं म्हणजे ह्या प्रवासाची आखणी करणाऱ्यांत मी होतो, आणि आखणीत स्कूटर नव्हती. गंधाली दिवाळीला आली होती. गोव्यात ती लोकांना शिडाच्या होड्या चालवायला शिकवते. तिच्या ह्या होडीशाळेच्या रूपाली मॅडम आणि त्यांचे मिस्टर यांची स्वतःची एक होडी आहे, ती युरोपात होती, ती पलीकडे न्यायची होती, तिसरा माणूस पाहिजे होता. आमचं जुन्या जालन्यात ताडपत्रीचं दुकान. पप्पा गेल्यापासून मी बघतो. गंधाली म्हणाली, दादा, समुद्र एवढा मोठा कागद कुठून आणणार, एक निळी दे. मी गोदामातून सगळ्यांत मोठी निळी ताडपत्री गच्चीवर नेऊन पसरली, चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवल्या आणि आम्ही शिंप्याच्या खडूने त्यावर अटलांटिक काढला. पाण्याची टाकी म्हणजे आफ्रिका. डिश अँटेना म्हणजे अमेरिका. वरती जिथे कपड्यांची दोरी आहे तिथे कॅनरी बेटं. आईला एवढी स्वच्छ, उन्हातली, अडवलेली जागा मोकळी दिसली आणि तिने समुद्राच्या मधोमध खारोड्या वाळत घातल्या. त्यामुळे आमचा मार्ग थोडा दक्षिणेकडून काढावा लागला. पण गंधाली म्हणाली, मार्ग तसाच असतो. सरळ पश्चिमेला जायचंच नसतं. आधी आफ्रिकेच्या कडेकडेने खाली उतरायचं, केप व्हर्डे बेटांपर्यंत, तिथे व्यापारी वारे पक्के लागतात, आणि मग उजवीकडे वळायचं. व्यापारी वारे आम्ही भूगोलात शिकलो होतो. पप्पांची समजूत होती की ते जुन्या जालन्यातूनच सुटतात. वळायचं कुठे ते कसं कळायचं, मी विचारलं. आईने तिच्या बॅगेत खोबरेल तेलाची बाटली घातली होती, ती गंधालीने दाखवली. "वर थंडी असते, तेल गोठलेलं राहातं. खाली गेलं की ऊब. ज्या दिवशी तेल पातळ झालं त्या दिवशी वळायचं." मला वाटलं ती चेष्टा करून राह्यली. पण तिचा चेहरा सरळ होता. आमच्या घरात चेहरा सरळ ठेवायची खोड सगळ्यांनाच आहे, त्यामुळे कोण कधी खरं बोलतं ते आम्हालाही उशिरा कळतं.

मी एकेक विचारत गेलो. वादळं? ती पावसाळ्याअखेर संपतात, म्हणून तर डिसेंबरात निघायचं. पाणी? टाक्या भरलेल्या, शिवाय समुद्राचं गोड करायचं यंत्र. इथे नळाला पाणी यायची वाट बघत पिंपं भरणाऱ्या घरातली मुलगी यंत्राने समुद्र गोड करणार, ह्यावर मी खडूने समुद्रात उगाच एक पिंप काढलं. दुखणं? औषधांची पेटी. देवमासा? तो त्याच्या रस्त्याने जातो. माझ्या प्रत्येक संकटाला तिच्याकडे एक डबा होता, झाकणासकट. आणि मला, खडू हातात घेऊन ताडपत्रीवर गुडघे टेकून बसलेल्या मला, खरं तर ह्या आखणीत एक चूक सापडायला हवी होती. एखादी चांगली ठळक चूक, इतकी मोठी की रूपाली मॅडमनीच फोन करून सांगावं, राहू दे गंधाली, ह्या वर्षी नको. मी तिला मदत करत होतो ती ह्या आशेवर. तिला ते माहीत होतं. ती प्रत्येक उत्तरानंतर थोडं थांबायची, मला अजून एक शोधायला वेळ द्यायची, आणि दरम्यान एक ओली खारोडी उचलून तोंडात टाकायची.

"वारा पाठीमागून म्हणजे सोपंच की," मी शेवटी म्हणालो. हार मानताना मी असंच काहीतरी म्हणतो.

"सगळ्यांत फसवं तेच असतं, दादा. समोरून वारा आला की अंगाला झोंबतो, कळतं किती आहे ते. पाठीमागून आला की आपण त्याच्याबरोबरच चाललेलो असतो. लागतच नाही. वाटतं, वारा पडलाय छान. आन प्रत्यक्षात तो केवढा असतो ते मागं वळल्याशिवाय कळत न्हाई." मग तिने मला दाखवलं की वारा थेट पाठीवर घ्यायचा नसतो. थेट घेतला तर होडी डुलते आणि शिडाच्या बुडाशी जो आडवा दांडा असतो तो कधी ह्या बाजूचा त्या बाजूला फटकन येईल सांगता येत नाही, मधे डोकं असलं तर डोक्यासकट. म्हणून वारा एका खांद्यावर घ्यायचा आणि दांडा दोरीने पुढे ओढून बांधून टाकायचा. ती दोरी कोण बांधणार, मी विचारलं; ती म्हणाली, मी. गाठ कोणती? दाखव. मी तिला ती गाठ फ्रिजच्या दांडीला बांधायला लावली, पुन्हा पुन्हा, कापसाच्या ट्रकवर ताडपत्री बांधतात तशी मी तपासली, ओढून, लोंबकळून. गाठ सुटली नाही. फ्रिज सरकला.

हे लोंबकळणं मला ओळखीचं होतं. आम्ही लहान होतो, मी अकरा वगैरे, ती आठ. पप्पांनी गच्चीवर एक जुनी ताडपत्री धुऊन वाळत टाकली होती आणि फाल्गुनातला वारा सुटला होता. गंधालीने तिचे दोन कोपरे दोन हातांत धरले आणि ती कठड्याशी जाऊन उभी राहिली. नुसतं बघायला. ताडपत्री एकदम फुगली, गोल, पोट आल्यासारखी, आणि गंधालीच्या टाचा उचलल्या. मग चवडे. मी धावत जाऊन तिचे पाय धरले. तिने ताडपत्री सोडली नाही. मी पाय सोडले नाहीत. ती वर हसत होती, म्हणजे मला हसण्याचा आवाज ऐकू येत होता. मला दिसत होते फक्त तिचे तळवे, मळलेले, आणि एका टाचेवर चिकटलेला चिंचेच्या टरफलाचा तुकडा. किती वेळ ते कुणास ठाऊक. पप्पा आले, त्यांनी आधी ताडपत्री सोडवली, घडी केली, आणि मग म्हणाले, "तू उतर." तेव्हापासून घरात आमची कामं वाटली गेली ती तशीच राहिली. तिने धरायचं ते वाऱ्याचं टोक. मी धरायचे पाय.

तर स्कूटर. आमचं ठरलेलं असं होतं की गंधाली रोज उपग्रहावरून एक छोटा निरोप पाठवेल, कुठे आहे तो, आणि मी गच्चीवरच्या ताडपत्रीवर खडूची खूण पुढे सरकवीन आणि तिला पुढच्या हवामानाचा अंदाज कळवीन. आता खूण सरकवायच्या ऐवजी मी गठुडं सरकवायला लागलो. आपल्या जिल्ह्यात एक बंदर आहे, ह्याचा परक्या लोकांना अचंबा वाटतो. आपल्याला वाटत नाही, कारण त्याला पाणी लागत नाही. ड्रायपोर्ट, म्हणजे कंटेनर भरायची कोरडी गोदी. ते दिनेगावच्या बाजूला आहे, म्हणजे आमच्या पश्चिमेला. तेच पलीकडचं बेट धरून मी सरळ भागाकार केला. तिचा समुद्र एवढा, माझा रस्ता एवढा. ती दिवसाला जेवढी सरकेल त्या मानाने स्कूटर रोज सकाळी पश्चिमेला न्यायची, लावायची आणि तिथेच ठेवायची. कारण घरी आणायची म्हणजे पूर्वेकडे यायचं, म्हणजे मागं. गठुडं डिक्कीत. मी रिक्षाने परत. पहिल्या दिवशी ती गल्लीच्या तोंडाशी होती. मग कुंडलिका नदीच्या पुलाअलीकडे. पूल म्हणजे केप व्हर्डे. त्या दिवशी निरोप आला: 'तेल पातळ. वळतोय.' मी पूल ओलांडला आणि स्कूटर एका मंगल कार्यालयाच्या पार्किंगात लावली. आत बँड वाजत होता. मला एका माणसाने अक्षता दिल्या. मी टाकल्या.

बबलू माझ्याबरोबर शाळेत होता, आता रिक्षा चालवतो. रोज परत येताना तोच भेटायचा.

"ऋषीसेठ, आज पण बंद पडली?"

"न्हाई."

"मंग रोज सोडून काऊन येता?"

"ती चालून राह्यली."

बबलूने आरशातून माझ्याकडे बघितलं. थोडा पुढे गेल्यावर म्हणाला, "सेठ, खरं सांगा, जल्दी सांगा. गाडी तुम्ही हप्त्याहप्त्यानं विकून राह्यले का? आज इथपर्यंत, उद्या तिथपर्यंत?"

मी त्याला खरं सांगितलं. गठुडं, ओढणी, कांताबाईंचा पाय, सगळं. तो हसला नाही. त्याने एवढंच विचारलं, "डिक्कीला कुलूप बराबर लागतं का?" दुसऱ्या दिवसापासून सकाळी तोच मला स्कूटरपर्यंत सोडायला लागला, आणि भाडं घेतलं ते परतीचंच.

आणि हे परतीचंच माझ्या अंगाला लागायला लागलं. डिसेंबरात आपल्याकडे वारा पूर्वेकडून असतो, जरा ईशान्येला झुकलेला. गंधाली म्हणालीच होती, जालना आणि तिचा रस्ता पृथ्वीच्या एकाच पट्ट्यात येतात. हा वारा त्या वाऱ्याचा चुलतभाऊ. सकाळी स्कूटर पुढे नेताना तो माझ्या उजव्या खांद्यावर असायचा आणि मला काही म्हणजे काही जाणवायचं नाही. ऊन, मोसंबीच्या बागा, एखादा ट्रक, त्यावर आमच्याच दुकानची ताडपत्री. मग गाडी लावायची, गठुड्याला हात लावून बघायचा, आणि बबलूच्या रिक्षात पूर्वेकडे तोंड करून बसायचं. लगेच वारा तोंडावर. गार, धुळीचा, डोळ्यांतून पाणी काढणारा. म्हणजे इतका वेळ हा होता. इतका वेळ हा मला ढकलत होता आणि मी समजत होतो की मी गाडी चालवतोय. मला घरातल्या गोष्टी आठवायच्या. पप्पांनी न विचारता गंधालीची गोव्याची फी भरली ती. आईने तिच्या पहिल्या गणवेशाच्या खिशाला आतून शिवलेलं दुसरं कापड. दुकानात मी बसेन म्हणून ती जाऊ शकली, हे कुणी कधी न बोललेलं. हे सगळं तिच्या पाठीमागून होतं. तिला लागलं असेल का कधी? आणि नसेल, तर बरंच झालं, नाही का? मला ह्याचं उत्तर औरंगाबाद चौफुलीपर्यंत मिळायचं नाही, आणि चौफुलीला बबलू इतक्या जोरात वळवायचा की प्रश्नच पडून जायचा.

मग निरोप यायचे थांबले.

स्कूटर तेव्हा औरंगाबाद चौफुलीच्या बरीच पुढे, एका पंक्चरवाल्याच्या टपरीमागे होती. समुद्रात म्हणाल तर अगदी मध्ये, जिथून मागचा किनारा आणि पुढचा किनारा सारखाच लांब असतो. गच्चीवर जिथे आईने खारोड्या घातल्या होत्या तिथे. मी फोन चार्जिंगला लावला, चार्जिंगवरून काढला, पुन्हा लावला. गिऱ्हाईक आलं, त्याला मी नारिंगी ताडपत्री दाखवायची ती हिरवी दाखवली. आई संध्याकाळी विचारायची, "आज किती सरकली?" आणि मी म्हणायचो, "बराबर सरकली." हे खोटं नव्हतं. आखणीत हे होतं. गंधालीने ताडपत्रीवर उकिडवं बसून मला बजावलं होतं: "दादा, यंत्र आहे, बंद पडू शकतं. निरोप नाही आला तर मी बुडाले असं धरायचं न्हाई. मी चालून राह्यले असं धरायचं आन खूण रोजच्याएवढी पुढं न्यायची. थांबायचं न्हाई." तेव्हा हे ऐकायला फार सोपं वाटलं होतं. आता सकाळी टपरीमागे किल्ली हातात घेऊन उभं राहिलं की कळायचं, ही स्कूटर मी पुढे नेली नाही तर कुणी काही म्हणणार नाही. पंक्चरवाला नाही, बबलू नाही. पण मी ती जिथे लावीन तिथे गंधाली असेल. नाही लावली तर नसेल. एवढं मोठं काम मला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं. एक दिवस नेली. दुसऱ्या दिवशीही नेली, जेमतेम, पाय टेकत टेकत. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा पीत बसूनच राहिलो, आणि आई आतून स्वेटर घालून, डोक्याला स्कार्फ बांधून आली.

"मी येते."

"कुठं?"

"गाडी सरकवायला. तू आज बसून राह्यला म्हून म्हणते."

"बसलो न्हाई. चहा पिऊन राह्यलो."

"कप कवाचा रिकामाय."

बबलूने तिला पुढच्या आरशातून नमस्कार केला. स्कूटरजवळ पोचल्यावर आईने पहिली गोष्ट केली ती म्हणजे डिक्की उघडायला लावली आणि गठुडं बाहेर काढलं. "गुदमरत आसंल," ती म्हणाली, आणि ते मांडीवर घेऊन, एका बाजूला दोन्ही पाय करून मागे बसली. मी हळू चालवत होतो. ट्रक हॉर्न देत जात होते. मला पाठीवर तिचं कोपर लागत होतं आणि कोपरामागे तांदूळ.

"ऋषी."

"हां."

"तू म्हणतो तो वारा कुठाय? लागंना मला तर."

"पाठीमागून आहे, आई. पाठीमागून असला की लागत न्हाई."

एक बैलगाडी आम्ही मागे टाकली, नाही, बैलगाडीने आम्हाला जाऊ दिलं.

"मंग तिला पण लागत नसंल."

"न्हाई."

"तिला वाटत आसंल, वाराच न्हाई."

आई म्हणाली, "थांबव जरा. गाडी फिरव, बघू दे मला."

"गाडी फिरवायची न्हाई. गठुडं मागं जाईल."

"हां, खरंय." तिने गठुडं माझ्या हातात दिलं, उतरली, आणि आल्या रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. पदर मागे उडाला, स्वेटरला चिकटला. स्कार्फची टोकं फडफडली. तिने डोळे बारीक केले आणि ते भरून आले. वाऱ्याने येतात तसे, आणि मी तसंच धरून चाललो. हातात तांदूळ घेऊन मी पश्चिमेकडे तोंड करून आणि ती पूर्वेकडे तोंड करून, अशी आम्ही दोघं हमरस्त्याच्या कडेला उभी होतो.

"लई हाय रे," आई म्हणाली. "मला वाटलं नव्हतं एवढा आसंल."

मग ती परत बसली आणि आम्ही गाडी त्या दिवसापुरती, आणि थोडी जास्तच, पुढे नेली. जास्तीचं आईने सांगितलं म्हणून. "आज वारा चांगला सुटलाय, तर जाईल की पुढं."

निरोप आम्ही रिक्षात असतानाच आला. 'सॉरी सॉरी. खारोड्यांचा डबा वरून यंत्रावर पडला. आता दुरुस्त झालं. मी बराबर. रोजच्यापेक्षा जास्त चाललो.' मी तो मोठ्याने वाचला. बबलूने रिक्षा बाजूला घेतली, उतरला, उगाच पुढच्या चाकाला लाथ मारून बघितली आणि परत येऊन बसला. आई म्हणाली, "डब्याचं झाकण मीच घट्ट लावलं व्हतं." मग रिक्षाच्या उघड्या बाजूला तोंड करून म्हणाली, "यंत्रच नाजूक आसंल."

यानंतर जे झालं ते पहिल्या परिच्छेदात सांगून झालंय, पण तो परिच्छेद नाहीच असं आपलं ठरलंय. स्कूटर ड्रायपोर्टच्या फाटकाशी पोचली. फाटकावरचा माणूस म्हणाला, काय काम हाय. मी म्हणालो, सामान पोचवायचंय. काय सामान? तांदूळ, सुपारी, हळकुंड, ओढणी. एक्स्पोर्ट का? हो. कंटेनर कुठाय? मी डिक्की उघडून दाखवली. त्याने वाकून, खरोखर मन लावून, आत बघितलं आणि म्हणाला, "फाटकाच्या ह्या बाजूला लावा. सावली हाय."

दुपारी गंधालीचा फोन आला. चित्र हलत होतं, ती नाही. ती काळी पडली होती आणि तोंडात काहीतरी होतं. "भेंडी," ती म्हणाली. "इथं भेंडी मिळते, आई!" आईने भेंडीची चौकशी केली, चिरून की अख्खी, कांदा घातला का. मग जे विचारायला ती इतके दिवस बसली होती ते विचारलं. "कधी येते?"

गंधालीने गिळलं. "आई, उलटं येता येत न्हाई. वारा तोंडावर येतो. मॅडम होडी पुढं नेणारेत, अजून पश्चिमेला. मी जाते म्हणाले."

फोन मी धरला होता. पाय धरायची वेळ होती आणि हातात फोन होता. विमान असतं हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. ती विमानानेच गेली होती. कुणी विमानाचं नाव काढलं नाही.

"पुढं, म्हंजे पश्चिमेला, पश्चिमेला," आई बोटाने हवेत गोल काढत म्हणाली, "जाऊन जाऊन मंग माणूस कुठून निघतं?"

"पूर्वेकडून," मी म्हणालो.

आईने बोट थांबवलं. आमच्या पूर्वेला मंठ्याचा रस्ता आहे आणि मंठा हे तिचं माहेर. तिच्या चेहऱ्यावर, ह्या सबंध गोष्टीत पहिल्यांदाच, सगळं जागच्या जागी बसल्यासारखं झालं. "म्हंजे मंठ्याकडून येशील," ती गंधालीला म्हणाली. "बरं झालं. मामाकडं जेवूनच निघ मंग. उपाशी येऊ नको."

"हो," गंधाली म्हणाली. तिचा चेहरा सरळ होता. पण ती बराच वेळ चावत राहिली, आणि तोंडात तर काही नव्हतं.

तेव्हापासून आई संध्याकाळी ओट्यावर खुर्ची पूर्वेकडे तोंड करून टाकते. कांताबाई येतात, त्या पश्चिमेकडे तोंड करून बसतात, म्हणजे बोलता येतं. वारा आईच्या तोंडावर येतो, कांताबाईंना लागत नाही. कांताबाई म्हणतात, स्वेटर कशाला एवढा. आई म्हणते, तुम्हाला कळायचं न्हाई. स्कूटर फाटकाजवळ आहे आणि गठुडं डिक्कीत. ते घरात येणार ते गंधालीच्याच हातून, दुसऱ्या दारातून, म्हणजे पूर्वेकडून. मी पायी फिरतो. आणि सगळी व्यवस्था झाली तरी कागदोपत्री काही राहू नये म्हणून मी दुकानात बसून एक अर्ज लिहिला आहे, तो असा:

प्रति, मा. व्यवस्थापक, ड्रायपोर्ट, जि. जालना. विषय: शिडाची होडी, नग एक, बांधण्यासाठी जागा राखून ठेवणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराची बहीण सध्या पश्चिमेकडे गेलेली असून ती यथावकाश मंठा मार्गे, जेवण करून, आपल्या बंदरात दाखल होईल. तरी सदर होडीकरिता फाटकालगत सावलीची जागा राखून ठेवावी. फाटकाजवळील स्कूटर व तिच्या डिक्कीतील प्रस्थान तोपर्यंत कोणत्याही कारणास्तव पूर्वेकडे हलवू नये. आणि सदर व्यक्ती घरी पोचेपर्यंत वारा तिच्या पाठीमागून अखंड चालू ठेवण्यात यावा, मात्र तो तिला जाणवणार नाही याची दक्षता घेण्यात यावी, ही नम्र विनंती.